तोंड माझं, आवाज कुणाचा?

(रेवदंड्यात पिक्चर काढायला निघालेल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. थोडं नीट केलं, पण शिव्या सोडून फार काही गाळलेलं नाही.)



तुम्ही मला बोलावलंत ते डायलॉग लिहायला. हा कविता करतो, तर डायलॉग याच्या खिशातच असतील, असा तुमचा हिशेब. माझ्या खिशात सध्या एसटीचं तिकीट आणि गोदीचा पास आहे. काल रात्रपाळी होती. ठेकेदाराच्या टोळीत मी आहे. स्टीलच्या कॉइलींना साखळ्या लावायच्या, क्रेनवाल्याला हात दाखवायचा आणि मग आपला हात जाग्यावर आहे का ते बघायचं. सकाळी सुटलो, भाऊच्या धक्क्यावरनं रेवसची लाँच पकडली, रेवसहून अलिबाग, अलिबागहून इथं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. तेव्हा गोड बोलणं जमणार नाही, सांभाळून घ्या.

तुमची कथा वाचली. बौद्धवाड्यातला तेरा वर्षांचा पोरगा किल्ल्याच्या तटाआतल्या वाडीत सुपाऱ्या वेचायला जातो. तहान लागते. रहाटाच्या विहिरीवर वाकतो. मालक काही बोलत नाही, नुसता बघतो, आणि नंतर गडी विहिरीचा काठ धुतो. पोरगा ते धुणं लांबून पाहतो. त्या दिवसानंतर तो पहिल्यासारखा राहत नाही. एवढीच कथा. चांगली आहे. महाड याच जिल्ह्यात आहे, चवदार तळ्याला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हात लावला, आणि तुम्ही ती गोष्ट कुठलंही भाषण न ठोकता एका पोराच्या तहानेत आणलीत. मला आवडली.

मग तुम्ही म्हणालात, नट बाहेरचे नकोत. वाड्यातला एक पोरगा, कोळीवाड्यातली एक पोरगी, कातकरवाडीतला एक. कुणीच कधी कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं नाही. "एकदम नॅचरल येईल," असं तुमच्यातला एक जण म्हणाला. तो शब्द ऐकला आणि माझी झोप उडाली. कारण हा शब्द मी याच किनाऱ्यावर तेरा वर्षांचा असताना ऐकला होता. डायलॉगचं नंतर बघू. आधी ते सांगतो. इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

२०१२ ची दिवाळीची सुट्टी. किल्ल्यात एक युनिट उतरलं होतं. कुणाचं, ते सांगत नाही. त्यांचं नाव माझ्या तोंडून मोठं व्हायला नको. त्यांच्या पिक्चरचा हीरो शहरातला पोरगा. मामाच्या गावाला येतो, समुद्र बघतो आणि मोठा होऊन परत जातो. त्याला गावातला एक दोस्त हवा होता. आम्ही पोरं बघ्यांच्या गर्दीत उभे. एका असिस्टंटनं माझ्याकडे बोट केलं. काळा, काटकुळा, शर्टाचं एक बटण गेलेलं. "उद्या असाच ये. आंघोळ करू नको. हाच शर्ट घाल." आईनं रात्री तो शर्ट धुतला, बटण लावलं. सकाळी त्यांनी बटण तोडलं आणि शर्टाला माती चोळली. आई तिथंच उभी होती. ती काही बोलली नाही. घरी जाऊन म्हणाली, "त्यांना घाण पायजे व्हती तर सांगायचं व्हतं, साबण वाचला असता."

पाच दिवस काम केलं. कालवांच्या खडकावरून अनवाणी पळायचा सीन होता. ज्यांना कालवं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, शिंपला ब्लेडसारखा असतो. आमच्या बाया कालवं फोडायला जातात त्यासुद्धा पायात काही ना काही घालून जातात. हीरो पोराच्या पायात बूट होते, कथेत तो शहरातला. मी गावातला, म्हणून अनवाणी. अकरा वेळा पळालो. पाचव्या खेपेला रक्त आलं. मेकअपवाल्या बाईनं ते पुसलं, कारण आधीच्या शॉटमध्ये रक्त नव्हतं.

पण ते काहीच नाही. पाय भरून येतात. शेवटच्या दिवशी निरोपाचा सीन होता. दोस्त परत चाललाय, मी रडायचं. मला रडू येईना. का येईल? तो पोरगा माझा दोस्त नव्हता, पाच दिवसांत तो माझ्याशी फक्त कॅमेऱ्यासमोर बोलला होता. डायरेक्टर वैतागला. सूर्य बुडत होता, त्यांना तो उजेड हवा होता. मग तो असिस्टंट माझ्याजवळ आला, उकिडवा बसला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "तुझा बाप बार्जवरून पडला ना रे? सापडला तेव्हा तू पाहिलंस का त्याला?"

हे त्याला वाड्यात कुणीतरी चहा पिता पिता सांगितलं असणार. बाप गेल्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मी कुणासमोर रडलो नव्हतो, आईसमोर तर नाहीच. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर रडलो. थांबता येईना. मागून आवाज आला, "ब्युटिफुल. एकदम नॅचरल." टाळ्या वाजल्या. मला बिस्किटाचा पुडा आणि थंडा दिला. पाच दिवसांचे एकूण पाचशे रुपये आईच्या हातात ठेवले. कागद नाही, सही नाही.

दीड वर्षानं, २०१४ च्या उन्हाळ्यात, तो पिक्चर टीव्हीवर लागला. वाड्यात ज्याच्याकडे मोठा टीव्ही त्याच्या घरी सगळे जमले. मी दिसलो, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग मी तोंड उघडलं आणि आवाज दुसऱ्याचा आला. कुणीतरी शहरातल्या पोराकडून डबिंग करून घेतलं होतं. हेल काढून, नाकातून, "म्या न्हाय जानार" असलं काहीतरी. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. कोकणात नाही, घाटावरही नाही. ती भाषा फक्त पिक्चरमधल्या गावठी माणसाची असते. पोरं हसायला लागली. आई पुढं सरकून टीव्हीजवळ गेली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुजा आवाज कुठं गेला रं?"

आणि मग तो रडण्याचा सीन आला. बापासाठी रडलेला मी, आणि मागे बासरी. बघणाऱ्याला वाटणार, दोस्त गेला म्हणून बिचारा रडतोय. आईला मात्र कळलं. कसं कळलं, ते मी तिला कधी विचारलं नाही. ती उठून घरी गेली.

म्हणून सांगतो, "नॅचरल" हा शब्द माझ्यासमोर जपून वापरा.

आता दुसरी बाजू सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, याला पिक्चरचाच राग आहे. १४ फेब्रुवारी २०१४ ला 'फँड्री' लागला. मी नववीत होतो. मुंबईला आत्याकडे गेलो होतो, आतेभावानं नेलं. नागराज मंजुळे हे नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं. करमाळ्याजवळच्या जेऊरचा माणूस, वडार समाजातला. त्याच्या आधीच्या 'पिस्तुल्या' या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे नंतर वाचलं. थिएटरात बसलो आणि पडद्यावर जब्या दिसला. काळा, काटकुळा, शर्ट कसातरी. मला वाटलं, आता याला कुणाचा तरी दोस्त करतील. केला नाही. तोच हीरो. काळी चिमणी शोधत रानात फिरतोय, जीन्स पाहिजे म्हणतोय, शालूकडे बघतोय. मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं की आपल्यासारखा पोरगा पिक्चरमध्ये स्वतःसाठी काही मागू शकतो.

सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातल्या खेड्यातला पोरगा. मंजुळेंनी त्याला हलगी वाजवताना पाहिला आणि हेरला. हे ध्यानात घ्या. त्याला हलगी वाजवताना पाहिलं, रडताना नाही. त्याच्या हातात एक कला होती, घरातून, वाड्यातून आलेली, आणि पिक्चरनं तीच घेतली. जब्या जत्रेत हलगी घेऊन नाचतो तेव्हा त्या पोराला कुणी अभिनय शिकवायची गरज नाही, कारण तिथं तो उस्ताद आहे. माझ्या बाबतीत उलटं झालं. मला त्या वयात माडावर चढता येत होतं, होडी वल्हवता येत होती, डोळे मिटून जाळं उलगडता येत होतं. पाच दिवसांत कुणी विचारलं नाही, "तुला काय येतं रे?" विचारलं ते, तुला कुठं दुखतं.

पोरांकडून काम कसं घ्यायचं, याचं उत्तर मला यात दिसतं. ज्याचे हात ज्यात पटाईत आहेत ते त्याला कॅमेऱ्यासमोर करू द्या. त्या वेळी त्याचा चेहरा आपोआप त्याचा असतो. 'सैराट'मधली रिंकू राजगुरू बघा. अकलूजची शाळकरी पोरगी. ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, पोरांना दम देते. २९ एप्रिल २०१६ ला पिक्चर लागला आणि गावोगाव पोरी तिच्यासारखं बोलायला लागल्या. 'झुंड'मध्ये, २०२२ साली, समोर अमिताभ बच्चन उभा असताना नागपूरच्या वस्तीतली पोरं त्याला दबली नाहीत, कारण त्यांच्या पायात चेंडू होता आणि तोंडात त्यांची स्वतःची बोली होती.

आणि नवखा नट ही काही मोठी नवलाई नाही आपल्याला. १९३० नंतर आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, भीमराव कर्डकांचा नाशिककडचा जलसा तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले कुठं नाट्यशाळेत गेले होते? दिवसा राबणारी माणसं रात्री तोंडाला रंग लावून उभी राहायची. फरक इतकाच की तिथं समोर बसलेला आणि वर उभा राहिलेला एकाच वाड्यातले होते. चुकला तर लोक खाली बसूनच दुरुस्त करायचे.

आता तुमच्यातले काही जण 'शाळा' आणि 'किल्ला' यांची नावं सारखी घेतात. दोन्ही मी पाहिलेत. चांगले आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. 'शाळा' आणीबाणीच्या काळातली गोष्ट, मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरची, सुजय डहाकेनं केलेली. 'किल्ला' अविनाश अरुणचा, बर्लिनला २०१४ मध्ये पोरांच्या ज्युरीनं बक्षीस दिलं. त्यात चिन्मयच्या आईची बदली कोकणात होते, बाप नुकताच गेलेला, आणि पोरगा एकटा पडतो. ते एकटेपण खरं आहे. माझाही बाप गेलेला, मला ते लागलं. पण बघताना माझं लक्ष सारखं बंड्याकडे, त्या गावातल्या पोराकडे. चिन्मय बदली संपली की जाणार. बंड्या तिथंच राहणार. बंड्या मोठा कधी झाला, कुणाला विचारायचं?

आपल्या पोरांचं वयात येणं वेगळं असतं आणि म्हणून आपला पिक्चरही वेगळा होणार. मधल्या वर्गाचा पोरगा पिक्चरच्या शेवटी मोठा होतो. त्याला तोपर्यंत बालपण असतं, ते हळूहळू सरतं, म्हणून ते सरण्याची गोष्ट होते. आपला पोरगा सहाव्या वर्षी मोठा असतो. धाकट्याला कडेवर घेतलेलं असतं, रेशनच्या रांगेत उभा असतो, दारूच्या गुत्त्यावरून बापाला आणतो. त्याला काय शिकायचं राहिलेलं असतं? फक्त एक. आपण कोण आहोत असं बाकीच्यांना वाटतं, ते. जब्याला सगळं ठाऊक आहे, पण तो ते शालूच्या डोळ्यांदेखत होऊ नये म्हणून धडपडतो. डुकराच्या मागं धावताना लपत राहतो. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर हाताशी आलेलं असताना अख्खं कुटुंब ताठ उभं राहतं. डुक्कर निवांत चालत जातं. मी हसलो आणि लगेच हसू थांबलं. डुक्कर काठीला बांधून नेतात, मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र, सावित्रीबाईंचं चित्र. शेवटी जब्या दगड मारतो आणि तो थेट आपल्या तोंडावर येतो. माझ्या बाजूला बसलेला माणूस खरोखर मागं सरकला होता.

पण एक बोलू? शालू. त्या पिक्चरमध्ये शालू फारसं बोलतच नाही. जब्या बघतो, ती बघितली जाते. मी मंजुळेंचा माणूस आहे, तरी हे बोलणार. तुमच्या कथेतली कोळीवाड्यातली पोरगीही तशीच आहे. दोन सीन, दोन्हीत ती नळावर उभी आणि हसते. का हसते? मराठीत पोरगी "वयात आली" म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसापासून तिचं किनाऱ्यावर खेळणं बंद, पोरांशी बोलणं बंद, कुठं कुठं शाळाच बंद. तुमच्या पिक्चरमध्ये वयात येणारी खरी तीच आहे, आणि तिला एक वाक्य नाही. आज बैठकीत पोरी तीन आणि पोरं बावीस. त्या तिघी कोपऱ्यात आहेत. तिचे सीन त्यांनी लिहावेत. मी लिहिणार नाही, मला काय कळतं.

आता कामाचं. इथं मी कवी म्हणून बोलत नाही, गोदी कामगार म्हणून बोलतो.

१९४८ साली इटलीत 'बायसिकल थीव्ज' निघाला. त्यातला बाप खराखुरा कारखान्यातला कामगार होता, लाम्बेर्तो माज्जोरानी. डे सिकानं त्याला घेतला, जगानं डोक्यावर घेतला. पिक्चर झाल्यावर तो कारखान्यात परत गेला आणि नंतर तिथून त्याला कमी केलं. त्याच १९४८ साली आपल्याकडे गोदी कामगारांच्या नोकरीच्या नियमनाचा कायदा झाला. त्याआधी कामगार उजाडता गोदीच्या दारात उभा राहायचा आणि मुकादम बोट दाखवील तो आत. तोंड बघून, दंड बघून. कायद्यानं नोंदणी आली, बोर्ड आलं, हजेरीचा पगार आला. १९९४ साली मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज माझी कुठं नोंद आहे? ठेकेदाराच्या वहीत, पेन्सिलीनं. मी अजून बोटावरच आत जातो. म्हणून मला ती असिस्टंटच्या बोटाची गोष्ट विसरता येत नाही. गर्दीतून बोट दाखवून उचललेला पोरगा म्हणजे बिननोंदणीचा कामगार. काम झालं की त्याचा मालाशी संबंध संपला.

पुढं काय होतं या पोरांचं? ब्राझीलमध्ये १९८० साली 'पिशोत' नावाचा पिक्चर आला, रस्त्यावरच्या पोरांचा. त्यातला मुख्य पोरगा फर्नांदो गरीब वस्तीतलाच. पिक्चर जगभर गाजला. १९८७ साली तो एकोणीस वर्षांचा असताना पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. १९८८ चा मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे', त्यातल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नंतर तो बंगलोरला रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, पण पुरस्कार देणाऱ्यांना नंतर त्याचा पत्ता हवासा वाटला नाही. मीरा नायर यांच्या बाजूनं एक सांगायला हवं: त्या पिक्चरमधून रस्त्यावरच्या पोरांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. कुणीतरी विचार तरी केला. 'स्लमडॉग मिलेनियर'ला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यातल्या पोरांच्या बांद्र्याच्या गरीब नगरमधल्या झोपड्या पाडल्या. 'झुंड'मधला एक पोरगा ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात मारला गेला. नाव घेत नाही, त्याच्या घरचे आजही त्या वस्तीत आहेत.

यात सगळा दोष पिक्चरवाल्यांचा, असं मी म्हणत नाही. वस्ती तीच, पोलीस तेच, भूक तीच. पिक्चर दोन महिन्यांचा असतो. पण दोन महिने तुम्ही पोराला सांगता की तू कुणीतरी आहेस, सगळे त्याच्याभोवती, चहा आला, पंखा आला. आणि एकसष्टाव्या दिवशी तो परत वाड्यात, आणि आता वाडाही त्याला हसतो. रिंकूचं नशीब त्यातल्या त्यात बरं, तरी गर्दीमुळे तिला शाळा सोडून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यावी लागली. मीही सतरा नंबरवालाच. माझ्याकडे गर्दी नव्हती, मी नापास झालो होतो.

कायदा आहे, हे तुमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. पोरांना घरच्या धंद्यात राबवायची पळवाट त्याच दुरुस्तीनं ठेवली, त्यावर वेगळं भाषण होईल. पण पिक्चरमधल्या पोरांबद्दल २०१७ च्या नियमांत चार गोष्टी लिहिल्या आहेत त्या आपल्या उपयोगाच्या आहेत. चौदाच्या खालच्या पोराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. तीन तासांनी विश्रांती. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडवायची नाही. कमाईतला निदान वीस टक्के भाग बँकेत पोराच्या नावानं ठेवायचा. पाच पोरांमागे एक जबाबदार माणूस. आणि जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. जिल्हाधिकारी अलिबागला बसतो, एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर. तुम्ही म्हणाल, आपण मोबाइलवर आणि भाड्याच्या कॅमेऱ्यावर पिक्चर काढणार, आपल्याला कोण विचारतोय? हेच तर माझा ठेकेदार म्हणतो.

"आपण तर आपलेच," असंही एक जण म्हणाला. म्हणजे आपण आपल्याच पोरांना कसं लुटू? लुटू की. कॅमेरा ज्याच्या हातात तो मुकादम. मी आजवर ज्या मुकादमांच्या हाताखाली काम केलं त्यातले दोन आपलेच होते, निळा झेंडा लावणारे. त्यांनी पाळी कमी केली नाही.

पैसे म्हणाल तर वर्गणी गोळा करताना पोरांचा मेहनताना आधी बाजूला काढा, कॅमेऱ्याचं भाडं नंतर. तिघांना सारखा. मुख्य पोरगा म्हणून जास्त नाही आणि कातकऱ्याचा म्हणून कमी नाही. हे मी लिहून घेणार आहे.

आता आवाज. विहिरीजवळच्या सीनमध्ये तुम्ही वाऱ्याचा त्रास होईल म्हणून नंतर डबिंग करू म्हणता. नाही. वारा येऊ दे. रहाटाचा कुरकुराट येऊ दे, समुद्र येऊ दे. पोराचा आवाज त्याच्याच तोंडातून, त्याच वेळी आला पाहिजे. डायलॉग मी लिहीन, पण कागदावर पाठ करायला देणार नाही. मी त्यांना सीन सांगेन, ते बोलतील, मी लिहून घेईन. कातकरी पोरगा त्याच्या घरच्या बोलीत बोलला तर बोलू दे. लोकांना नाही कळलं तर नाही कळलं. फँड्री हा शब्द कैकाडी बोलीतला, डुक्कर या अर्थाचा. मराठी माणसाला कुठं ठाऊक होता? पोस्टरवर लावला आणि मराठी माणूस शिकला. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज मिसळलेली बोली घराघरांत बोलतात, पोर्तुगीज १७४० ला इथून गेले तरी ती राहिली. तिला कुणी गावठी म्हणून डबिंग केलं नाही म्हणून राहिली.

आणि रडणं. तुमच्या कथेत शेवटी पोरगा रडतो असं लिहिलंय. मी ते खोडलंय. विहिरीचा काठ धुतलेला पाहून पोरगा काय करील, हे त्यालाच विचारू. रडायचं असेल तर रडेल. कदाचित सुपाऱ्या मोजत बसेल. मी त्या वयात असतो तर मोजल्या असत्या. पण त्याच्या घरातलं कुणी गेलंय का, बाप पितो का, आई कुठं कामाला जाते, हे शूटिंगच्या जागी कुणी काढायचं नाही. कुणी काढलं तर मी कॅमेरा खाडीत टाकीन. हे धमकी म्हणून घ्या.

पोराला मधूनच "नको" म्हणायचं असेल तर त्या दिवशी काम बंद. वरात काढून समजवायला कुणी जायचं नाही. आणि पिक्चर झाल्यावर पहिला खेळ मुंबईत नाही, पुण्यात तर नाहीच. वाड्यात. पांढरी चादर बांधून. तिघांच्या आया पहिल्या रांगेत. त्यांनी एखादा सीन काढा म्हटलं तर काढायचा. तुमच्यातला तो लांब केसांचा पोरगा आत्ताच तोंड वाकडं करतोय, मला दिसतंय. कलाकृतीचं स्वातंत्र्य वगैरे. असू दे. माझ्या आईला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिनं एकच सीन काढायला सांगितला असता.

मी पुढच्या रविवारी येतो, शनिवारची पाळी सुटली की पहिल्या लाँचनं. पोरांना घेऊन आपण किल्ल्यात जाऊ, कॅमेरा नको. सातखणी मनोऱ्याजवळ बसू, मग किनाऱ्यावरून खडकांकडे जाऊ. त्यांना काय काय येतं ते बघू. तिघांनाही चपला घालून यायला सांगा. तिकडं कालवं आहेत.